थोरलीच्या दुधाची भुरी

अडतिसाव्या दिवशी शिंगराच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या.

सुनेनं अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलून पाहिला. परवापर्यंत तिथं फिकी का होईना, गुलाबी छटा होती. आज भिजलेल्या कागदाचा रंग. तिनं ओठ हळूच खाली सोडला आणि हात कमरेच्या फडक्याला पुसला.

"पितंय का?" सासूनं तबेल्याच्या दारातून विचारलं. खुबा धरल्यापासून ती आत सहसा येत नसे. काठी चौकटीला टेकवून तिथूनच राज्य करी.

"तोंड लावतं, सोडतं."

"गेल्या सालचंही असंच करायचं."

"आत्याबाई, नका ना."

"मी गप्प बसले म्हणून थांबणार आहे का ते?"

शिंगरू साळुंकीच्या पोटाशी उभं होतं. उभं म्हणजे आईला टेकून. चार काटक्यांवर वाळत घातलेलं कातडं, असं दिसत होतं. साळुंकीच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं आणि खाली भुशात जिरत होतं. ती मान वळवून पोराला हुंगायची, मग सुनेकडे बघायची. जनावर विचारतं तेव्हा त्याला खोटं सांगता येत नाही. सून टोपली उचलून लीद भरायला लागली.

बाहेर नवरा खोगिरं आवळत होता. वर डोंगरमाथ्यावर पाण्याची टाकी बांधायचं काम चाललं होतं. रस्ता निम्म्यातच संपत होता, म्हणून वाळू, सिमेंट, सळ्या सगळं घोड्यांच्या पाठीवरून जाई. त्यानं एकदा शिंगराकडे पाहिलं, मग पाहिलं नाही.

"निघतो मी. नऊच्या आत वाळू पोचली नाही तर मुकादम उद्या दुसऱ्यांना लावेल."

"जा की. इथं थांबून तुम्ही काय दूध पाजणार आहात?"

तो हसला. हसल्याचं लगेच वाईट वाटून भुरीच्या पोटाखालचा तंगाचा पट्टा उगाच आणखी एकदा ओढू लागला. भुरीनं मान फिरवून त्याच्या खांद्याला हलकेच दात लावले. पुरे आता.

एकेचाळिसाव्या दिवशी, उन्हं तबेल्याच्या दाराशी आली तेव्हा शिंगरू गेलं. आवाज नाही, धडपड नाही. आडवं होतं, ते आडवंच राहिलं. तीन वर्षांत हे पाचवं.

*

त्याच दुपारी जनावरांची डॉक्टरीण आली. मोटारसायकल खाली पुलापाशी ठेवून ती चढण चढून यायची आणि वर आल्यावर आधी घोड्यांशी बोलायची, मग माणसांशी. या डोंगरांतली मूळ जातीची बुटकी घोडी मोजायचं काम तिच्याकडे होतं. एकेकाळी घरटी चार-पाच असायची. मग खालून कुणीतरी उंच, परक्या जातीचा घोडा आणला आणि जो तो आपल्या घोड्या त्याच्याकडे नेऊ लागला. शिंगरं उंच झाली, देखणी झाली, भाडंही जास्त मिळवू लागली. पण ओल्या दगडावर त्यांचे गुडघे लटपटत. आता निखळ बुटकी घोडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांतच उरली होती, आणि त्यातलं हे एक घर.

"आमच्यात भेसळ नाही," सासूनं तिला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं.

डॉक्टरणीनं मेलेल्या शिंगराशेजारी उकिडवं बसून त्याच्या जिभेवरचे फोड पाहिले. मग पिशवीतून पाकिटं काढली.

"सगळ्यांच्या आयाळीतले केस हवेत. कापून नकोत, मुळासकट उपटून. प्रत्येकी वीस."

"केसांवरून काय कळणार?" सासू म्हणाली.

"आजी, माणूस खोटं बोलेल, केस नाही बोलत."

सासूनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

सून एकेकाचे केस उपटू लागली. डॉक्टरीण पाकिटावर नाव लिही आणि विचारी, "हिची आई?" सासू दारातूनच सांगे. खरारा करताना ती जे रोज गुणगुणायची तेच, त्याच चालीत:

"थोरलीच्या दुधाचा काळ्या, थोरलीच्या दुधाची भुरी, चांदणीच्या दुधाची साळुंकी, साळुंकीचं दूध सांडलं भुई…"

"आणि बाप?"

"बापाचं काय विचारतेस? बाप दहा मिनिटांचा. आई सहा महिने पाजते. आमच्या घरात दूध मोजतात. एका दुधावरची दोघं एकत्र सोडायची नाहीत, एवढंच आम्ही पाळतो. पिढ्यान्‌पिढ्या."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. "म्हणजे साळुंकीचा बाप कोण?"

"काळ्या. आमचा घोडा तो एकच."

"आणि साळुंकीच्या शिंगराचा बाप?"

"काळ्याच की. साळुंकी चांदणीच्या दुधाची. काळ्याशी तिचं दूध कुठं लागतं?"

डॉक्टरणीनं पेनाला टोपण लावलं. मग हळू म्हणाली, "आजी, लेकीला बापाकडेच सोडत आलात तुम्ही."

सासूचा चेहरा असा झाला, जसं कुणी भर रस्त्यात तिच्या डोक्यावरची मोळी ओढून घेतली.

*

निकाल यायला वीस दिवस लागणार होते. त्या वीस दिवसांत सून रोज नवऱ्याबरोबर माथ्यावर गेली. साळुंकी रिकामी झाली होती, तीही ओझ्याला लागली. तिची कास कडक व्हायची. सून वाटेत थांबून चार धारा दगडावर पिळून टाकायची, मग पुन्हा चालायची. पुढे भुरी, मागे सगळी रांग. भुरीचं वय चौदा. कधी गाभण ठेवली नव्हती. थोरलीच्या दुधाची म्हणून काळ्याकडे सोडायची नाही आणि दुसरा घोडा घरात नाही. सासू म्हणायची, "ती ओझ्याचीच आहे, राहू दे तिला मोकळी." वाटेवर दगड सैल असला की भुरी थांबायची, खुरानं चाचपायची, मग वळसा घालायची. तिच्यामागे डोळे मिटून चालावं.

टाकीपाशी उंच घोडेवाले आधीच येऊन बसलेले असत. मुकादम वाळूच्या ढिगावर पाय ठेवून उभा.

"काय हो, आज घोडी घरी ठेवून बकऱ्या आणल्यात वाटतं?"

नवरा पोती उतरवत राहिला.

"आणि बाई, बकऱ्या दूध देत असतील तर चहापुरतं इथंच काढा."

सगळे हसले. साळुंकीच्या सडाचं दूध पोटाखालच्या धुळीत ओघळलं होतं, ते मुकादमानं पाहिलं होतं. सुनेनं पोतं पाठीवर घेतलं आणि त्याच्या पायाच्या इतकं जवळ टाकलं की वाळू त्याच्या बुटात गेली.

"चुकून झालं," ती म्हणाली.

उतरताना ती रांगेतली जनावरं मोजत होती. तिला वाटत होतं, हा मुकादम चुकत नाहीये. शिंगरं जगली नाहीत तर पाच वर्षांत आपली रांग म्हणजे चार म्हातारी जनावरं. मग बकऱ्याही कुणी म्हणणार नाही.

*

एकविसाव्या दिवशी फोन आला. सून भिंतीवर चढून, जिथं आवाज पोचतो तिथं उभी राहून बोलली.

डॉक्टरणीनं सांगितलं ते तिला एकदम कळलं, कारण डॉक्टरणीनं ते तंगाच्या पट्ट्यावरून सांगितलं. तंग दोन पदरांचा शिवलेला असतो. शिंगराला एक पदर आईकडून मिळतो, एक बापाकडून. एक कुजका असला तरी दुसरा भार धरतो, जनावर धडधाकट दिसतं. दोन्ही कुजके आले की चाळिसाव्या दिवसाच्या आसपास तुटतं. काळ्याचा एक पदर कुजका आहे. साळुंकीचाही. चांदणीचाही. तुमच्या सगळ्यांचा.

"सगळ्यांचा?"

"भुरी सोडून. भुरीचे दोन्ही पदर चांगले आहेत. या अख्ख्या खोऱ्यात अशी दोनच जनावरं मला सापडली. एक तुमची भुरी, दुसरा ओढ्यापलीकडच्या खोगीरवाल्यांचा तांबड्या. त्याचं वय बावीस. या मोसमात एखाद-दोनदा जमेल, पुढच्या वर्षी सांगता येत नाही. मी बोलले त्यांच्याशी. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, आणा. भुरी कधी माजावर येईल?"

"चार दिवसांत."

"मग पाचव्या दिवशी तांबड्याकडे न्या. बाकीच्या नात्यागोत्याचा निकाल यायला अजून महिना आहे, तोवर थांबलो तर मोसम गेला. तुमच्या सासूबाईंनी आई सांगितली आहे, तेवढ्यावर भागवू."

सून भिंतीवरून उडी मारून उतरली. किती दिवसांनी अंगात हलकं वाटलं. तिनं दारात उभ्या सासूला सगळं सांगितलं, हातवारे करत सांगितलं.

सासू म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"भुरीला तिकडे न्यायचं नाही."

"का पण?"

"तांबड्या म्हातारा आहे, लाथ मारेल."

"भुरी काय कमी आहे? तीच त्याला लाथ मारेल."

"चौदा वर्षं त्या घरी आपलं जाणं-येणं नाही."

"भांडण तरी झालं होतं का कधी?"

सासू काठी टेकत आत वळली. खरंच, भांडण असं काही झालंच नव्हतं. खोगीरवाले आणि सासरे सख्ख्या भावांसारखे होते, असं नवरा सांगायचा. मग एका हिवाळ्यानंतर सासूनं ओढा ओलांडणं सोडलं, आणि सासरे गेले तेव्हा खोगीरवाले येऊन दाराबाहेर उभे राहून गेले. एवढंच.

*

पुढचे दोन दिवस सासू जेवली नाही म्हटलं तरी चालेल. ताटावर बसायची, घास हातात घ्यायची, आणि मध्येच विचारायची, "केसांवरून नातं पण कळतं का गं?"

"कळतं म्हणे."

"सगळं?"

"सगळं."

तिसऱ्या दिवशी वाळू ओली होती म्हणून काम बंद राहिलं. अंगणात ऊन होतं. नवरा नाल मारून आणायला काळ्याला घेऊन गेला होता. दोघी चामड्याला तेल चोळत बसल्या. सासूच्या मांडीवर भुरीची मोहरकी होती, नाकावरचा पट्टा झिजून मऊ झालेला. ती एकाच जागी तेल चोळत राहिली, इतका वेळ की तेल तिच्या मनगटावरून ओघळलं.

"पोरी," ती खाली बघतच म्हणाली, "तांबड्या भुरीचा बाप आहे."

सुनेचा हात थांबला.

"तू लग्न होऊन यायच्या आधीचा हिवाळा. असा बर्फ की कुंपणं दिसेनात. थोरली व्याली ती मेलेलंच शिंगरू घेऊन. कास अशी तटतटलेली, तापानं फणफणलेली, आणि रात्रंदिवस हाका मारत होती. ऐकवेना. सकाळी मी लाकडं बघायला वरच्या उतारावर गेले तर खोगीरवाल्यांची घोडी मरून पडलेली. वाट चुकून आपल्या बाजूला आली होती. आणि तिच्या पोटाला टेकून हे उभं. सहा दिवसांचं असेल. आई गार झाली होती, पण वारा अडवत होती."

"मग?"

"उचललं आणि आणलं. थोरलीच्या मेलेल्या शिंगराचं कातडं मीच काढलं, ह्याच हातांनी, आणि हिच्या पाठीवर बांधलं, वास यावा म्हणून. मनात हेच की बर्फ उतरला की देऊन टाकू. चौथ्या दिवशी थोरलीनं जवळ केलं. कसं चाटलं तिनं! मग म्हटलं उद्या सांगू. मग म्हटलं दूध सुटलं की सांगू."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना सांगितलं, थोरलीचंच आहे, उशिरा जीव धरला. पुरुष कधी तबेल्यात मोजायला येतात?"

सुनेच्या डोक्यात सगळं एकदम फिरत होतं. परवा भुरीला तांबड्याकडे नेली तर पुन्हा लेक बापाकडे. आत्ता दोन्ही पदर चांगले असले तरी तीच चूक, ज्या चुकीनं हे घर उघडं पडलं. आणि तांबड्याचा उरलेला एक मोसम वाया. न नेली तर कारण सांगावं लागणार. सांगितलं तर घोडी त्यांची. चौदा वर्षांची मजुरी, अख्खी रांग जिच्यामागे चालते ती, आणि घरातलं एकमेव निरोगी रक्त.

"सांगितलंस तर भुरी जाईल," सासू म्हणाली. "नाही सांगितलंस तर महिन्यानं ती डॉक्टरीण सांगेल. मी तेच बघतेय दोन दिवस. कुठूनही बघितलं तरी रस्ता एकच आहे आणि तो माझ्या अंगावरून जातो."

"अहोंना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. तो रडेल. मोठ्या माणसाला रडणं शोभत नाही असं त्याला वाटतं, मग तो चिडेल."

*

पाचव्या दिवशी साळुंकीला विसावा म्हणून मागे ठेवून नवरा उरलेली जनावरं घेऊन माथ्यावर गेला. जाताना भुरीच्या कपाळावर थाप मारून म्हणाला, "जा बाई, नवं घर बघून ये." सुनेनं मान फिरवली.

ती भुरीची दोरी घेऊन निघाली, तर मागून काठीचा आवाज. सासू अंगणात उभी.

"साळुंकीवर खोगीर घाल."

"आत्याबाई, तुमचा खुबा—"

"खुब्याला विचारलं मी. तो नाहीच म्हणतो. घाल."

सुनेनं तिला ओट्यावरून चढवलं. एका बाजूला दोन्ही पाय सोडून सासू बसली. प्रत्येक उतारावर तिच्या तोंडून दाबलेला आवाज यायचा आणि ती लगेच खोकल्याचं सोंग करायची. ढग खाली आले होते. ओढ्याचं पाणी घोट्यापर्यंत, पण गार इतकं की हाडं ठणकली. सून वाटभर वाक्यं जुळवत होती. काका, तुम्हाला एक सांगायचंय. काका, एक चूक झालीय. काका, आमच्याकडून. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर जाऊन तिथंच अडायचं.

"तू बोलू नकोस," सासू वरून म्हणाली, जणू ऐकत होती.

"मग कोण बोलणार?"

सासूनं साळुंकीला पुढे हाकललं. म्हणजे ही गप्प बसायला लावणार.

खोगीरवाल्यांचं घर म्हणजे एक खोली, एक कारखाना आणि घोड्याचं एक ठाण. कारखान्यात भिंतीवर लाकडी सांगाडे टांगलेले, दाभण, मेण, चामड्याच्या पट्ट्या. घोडी गेल्यापासून त्यांच्याकडे एकटा तांबड्या. माणूस वाळलेला, ताठ, हाताच्या अंगठ्याला कायमची खाच. त्यांनी साळुंकीवरच्या बाईला पाहिलं आणि त्यांच्या हातातला दाभण थांबला.

"वहिनी?"

"हो, भाऊजी. मेले नाही अजून."

"तसं दिसतंय खरं." त्यांनी भुरीकडे पाहिलं. "हीच का ती? घोडी चांगली आहे. छाती रुंद आहे. आमच्या रमणी घोडीची आठवण झाली."

सुनेनं भुरीची दोरी मनगटाला गुंडाळली.

तांबड्यानं कुंपणापलीकडून वास घेतला होता. बावीस वर्षांचं जनावर, पाठ खचलेली, डोळ्यांवर खळगे. पण मान उंचावून त्यानं अशी खिंकाळी दिली की कारखान्याच्या पत्र्यावरचे पक्षी उडाले. भुरीनं शेपटी बाजूला घेतली. खोगीरवाल्यांनी आडव्या वाशापाशी भुरीला उभी करायची खूण केली, आणि स्वतः तांबड्याचा लगाम धरून त्याला पुढे आणू लागले.

सुनेनं तोंड उघडलं. "काका—"

"थांबा भाऊजी," सासू म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "पुढे आणू नका त्याला. बाप आहे तो तिचा."

खोगीरवाले थांबले. तांबड्या पुढे ओढत होता, ते जागचे हलले नाहीत.

"कोण कुणाचा बाप?"

"रमणीची आहे ही. त्या हिवाळ्यातली. तुमची."

वारा पडला होता. तांबड्या पाय आपटत होता, त्याचाच आवाज. खोगीरवाल्यांनी त्याला परत नेलं, दोनदा गाठ मारून बांधलं, गाठ तपासली. मग वाशाखालून वाकून आले आणि भुरीसमोर उभे राहिले. तिच्या कपाळावरची झुलपं बाजूला केली. उजव्या कानामागे बोट घालून चाचपलं. तिथं काय सापडलं ते त्यांनी सांगितलं नाही. हात तिथंच ठेवला.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस दरीत शोधत होतो मी. दोन बोटं गारठून काळी पडली. तुमच्या दारासमोरून गेलो होतो, वहिनी. रोज."

"माहीत आहे. मी खिडकीतून बघत होते."

सासूला उतरता येत नव्हतं. कुणी उतरवल्याशिवाय तिला उतरता येत नव्हतं, आणि कुणी उतरवत नव्हतं. ती तिथंच, उंचावर, सगळ्यांना दिसेल अशी बसून राहिली. गालांवरून पाणी आलं, तेही तिनं पुसलं नाही. दोन्ही हात खोगीर धरण्यात गुंतले होते.

"रमणी कशी होती?" त्यांनी विचारलं. "म्हणजे… तुटली होती का कुठं?"

"नाही. झोपल्यासारखी. पिल्लाच्या बाजूला वारा येणार नाही अशी."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

सुनेला काय करावं कळेना, म्हणून तिनं फोन काढला आणि कारखान्याच्या पायरीवर चढून डॉक्टरणीला लावला. जे होतं ते सांगितलं. पलीकडून आधी शिवी आल्यासारखा आवाज आला, मग डॉक्टरीण भराभर बोलू लागली. अहो, मग ती थोरलीची नाहीच! मग ती तुमच्या काळ्याची कुणीच लागत नाही! काळ्याचा कुजका पदर भुरीच्या चांगल्या पदरावर निभावेल, शिंगरू मरणार नाही. आणि तांबड्या तुमच्या साळुंकीला द्या. रक्त नवं येईल, एकही शिंगरू चाळिसाव्या दिवशी जाणार नाही. उलटं करा सगळं, उलटं!

सून पायरीवरून उतरली. हे सगळं तिनं खोगीरवाल्यांना सांगितलं, पण शेवटी तिचा आवाज बारीक होत गेला. कारण हे सगळं ते देतील तर. घोडी त्यांची होती, घोडा त्यांचा होता. साळुंकी सोडली तर आपलं म्हणावं असं तिथं काहीच नव्हतं.

"भुरी इथं राहील," खोगीरवाले म्हणाले.

"हो, काका."

"तुमच्या काळ्याला इथं आणा. शिंगरू होईल ते इथं जन्मेल."

"हो."

"आणि ही," त्यांनी साळुंकीकडे पाहिलं, "माजावर कधी येते?"

"दोन दिवसांत."

"दोन दिवसांनी आणा. तांबड्याला मी जपून ठेवतो." मग थोडं थांबून, "वाळू कशी नेणार, पुढे कोण चालणार, ते तुम्ही बघा. ते मी बघणार नाही."

"नाही. ते आम्ही बघू."

आता कुठं त्यांनी सासूकडे हात केला. तिनं एक पाय पुढे सोडला, कळ आली, ओठ चावला. त्यांनी तिला धरून, सिमेंटचं पोतं उतरवावं तसं सरळ, काळजीनं खाली ठेवलं. धरलेला हात लगेच सोडला.

भुरीला ठाणात नेलं. खोगीरवाल्यांनी चंदीची पाटी समोर ठेवली. भुरीनं त्यात तोंड घातलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून, कान मागे टाकून उभी राहिली. तांबड्या शेजारून फुरफुरला, तिनं तिकडेही पाहिलं नाही.

"ती आधी पाणी पिते," सून म्हणाली. "मग चंदी. चंदी कोरडी नको, जरा शिंपडून. आणि डाव्या मागच्या पायाला हात लावायच्या आधी मांडीवर थाप द्या, नाहीतर दचकते. पाऊस आला की दार बंद करू नका, तिला बघायला आवडतं. तंग आवळताना पोट फुगवते, फसू नका, थोडं थांबून पुन्हा ओढा…" तिनं भुरीची दोरी त्यांच्या हातात दिली.

"आधी पाणी," खोगीरवाले म्हणाले. "शिंपडून. मांडीवर थाप. दार उघडं. पोट फुगवते." एकेक बोट मुडपत गेले.

त्यांनी पाणी आणलं. भुरी प्यायली नाही.

"खाईल," ते म्हणाले. "भूक लागली की खाईल."

"आणली तेव्हाही चार दिवस तोंड लावलं नव्हतं," सासू म्हणाली. "कातडं बांधलं तरी थोरली जवळ घेईना. मी बोटानं चाटवत होते. एकेक थेंब. रात्री माझ्या घोंगडीत घेऊन बसायचे, तर माझ्याच छातीला ढुशा द्यायची."

बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोलतोय हे तिला मध्येच कळलं.

खोगीरवाल्यांनी कारखान्यातून बसायचं लाकडी बैठं ओढून आणलं, ज्यावर बसून ते शिवत, आणि तिच्यापुढे ठेवलं. स्वतः जमिनीवर बसले. भुरीची पाठ दोघांना दिसेल असे.

"बसा," ते म्हणाले. "आणि सांगा."

"काय?"

"चौदा वर्षं. पहिल्या दिवसापासून सांगा. पहिल्यांदा उभी कशी राहिली, पहिलं ओझं कधी घेतलं, आजारी कधी पडली. मला काहीच माहीत नाही."

सासू बसली. तिनं सुनेकडे पाहिलं नाही.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली, "उजवा कान गोठून वाकडा झाला होता."

सुनेनं साळुंकीची दोरी घेतली आणि ओढ्याकडे निघाली. तिला संध्याकाळच्या आत काळ्याला आणायचं होतं, आणि नवऱ्याला सांगायचं होतं.